पत्त्याची पाठ



लाँग वीकेंडला आपल्यापैकी बहुतेकांकडे जेवणं आटपली की कोणीतरी कॅट काढतंच. मोठ्यांचं मेंढीकोट नाहीतर लाडीस, मुलं असली तर बदाम सात किंवा झब्बू, आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी नॉट ॲट होम. आपण आपल्या हातातल्या पानांत इतके गर्क असतो की समोरच्यांच्या पानांची जी बाजू आपल्याला तासन् तास दिसत असते, तिच्याकडे आपलं लक्षच नसतं. चौघं खेळत असलो तर आपल्याला एका हाताचं तोंड दिसतं आणि तीन हातांची पाठ. तरी कालच्या कॅटच्या पाठीवर काय होतं असं कोणी विचारलं, तर "निळं काहीतरी नक्षीचं होतं" याच्यापुढे गाडी जात नाही.

मला या पाठीचा नाद लागला तो इटलीतल्या जुन्या पत्त्यांमुळे. मी पोटापाण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यात आहे. कागदाचे थर एकमेकांना कसे चिकटतात, कोपऱ्यात का सुटतात, कुठली घडी टिकते आणि कुठली फाटते, यावर माझं घर चालतं. त्यामुळे सगळे लोक तारोच्या राण्या आणि सूर्यचंद्र बघून हरखत असताना मी पान उलटं करून बघायला लागलो, यात फार नवल नाही. (आमच्या घरी याला "ह्यांचं नेहमीचंच" असं म्हणतात.)

थोडी पार्श्वभूमी सांगतो, लांबवत नाही. युरोपात पत्ते आले ते १३७० च्या दशकात. फिरेंझेत, म्हणजे आपल्या फ्लॉरेन्समध्ये, २३ मार्च १३७७ ला या नव्या खेळाविरुद्ध हुकूम निघाला, त्यात पत्त्यांना 'नाइबे' म्हटलं आहे. हा शब्द अरबीतल्या 'नाइब'वरून आला. तोच आपला नायब, नायब तहसीलदारातला! इजिप्तच्या मामलुक राज्यातल्या पत्त्यांत राजाच्या खालोखाल नाइब असायचे. तिथली चार चिन्हं म्हणजे पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटलीला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून काठ्यांचे सोटे झाले, बाकी तीन तशीच राहिली. मामलुकांचा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे.

सुरुवातीचे जे पत्ते आज आपल्याला काचेत दिसतात ते श्रीमंतांचे. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्याला सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले. त्यांतल्या एका संचाची ३५ पानं न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत, बाकीची इटलीत बेर्गामोला. दुसरा एक संच, ६७ पानांचा, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात. पण सामान्य माणूस खानावळीत जे पत्ते आपटत होता ते लाकडी ठशाने छापलेले, दोन-चार रंगांत भरलेले, स्वस्तातले. ते वापरून वापरून संपले. आज त्यांतले जे उरलेत त्यांतले पुष्कळसे जुन्या पुस्तकांच्या बांधणीतून निघालेत. बाइंडरला पुठ्ठा करायला रद्दी लागायची, आणि पत्तेवाल्याकडचे बिघडलेले ताव ही आयतीच रद्दी होती. कोणी जपायचं म्हणून जपलेले नाहीत, पुठ्ठ्यात दडल्यामुळे वाचले.

हा धंदा किती नाजूक होता ते व्हेनिसच्या १४४१ सालच्या एका हुकुमावरून कळतं. तिथल्या कारागिरांनी तक्रार केली होती की बाहेरून छापील पत्ते आणि छापील रंगीत चित्रं एवढी येतात की आमचा धंदा बसला. सरकारने आयात बंद केली. वाचताना मला आपल्याकडच्या आउटसोर्सिंगच्या चर्चा आठवल्या, असो. पत्ते आणि चित्रं यांचा उल्लेख एकत्र आहे, कारण करणारे हात तेच होते. देवादिकांची चित्रं छापायची त्याच ठसेवाल्याने गुलाम आणि राणीही कोरायची. सिएनाचा संत बेर्नार्दीनो याने १४२३ मध्ये बोलोन्यात जुगाराविरुद्ध प्रवचनं दिली, लोकांनी पत्ते आणून जाळले. मग एक पत्तेवाला रडत आला की महाराज, आता मी खाऊ काय? तेव्हा संताने त्याला सूर्याच्या किरणांत येशूचं नाव काढून दाखवलं आणि सांगितलं, हे छापून विक. गोष्ट भक्तांनी सांगितलेली आहे, तेव्हा थोडी मीठमिरची असणारच. पण पत्तेवाल्याचा प्रश्न मला अगदी खरा वाटतो.

आता पाठीकडे येतो.

पत्ता म्हणजे एक कागद नव्हे. पुढचा छापील कागद, मध्ये एक-दोन हलके कागद, आणि मागचा कागद, हे सगळे खळीने चिकटवून, दाबून, वाळवून पान तयार होई. खळीचे दोन शत्रू: दमट हवा आणि किडे. आपल्या माळ्यावरच्या पुस्तकांना कसर लागते ती कागदापेक्षा खळीच्या ओढीने. शिवाय हाताचा घाम लागून लागून पानाच्या कडा फुगतात, थर सुटायला लागतात, आणि एकदा कोपऱ्याला नख लागलं की पान उलगडतंच. पत्त्यांच्या खेळात सगळ्यात जास्त मार कोणी खात असेल तर तो कडांनी.

यावर इटलीतल्या कारागिरांनी जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. त्यांनी मागचा कागद पुढच्यापेक्षा थोडा मोठा ठेवला आणि चारी बाजूंनी पुढे दुमडून चिकटवला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपण ब्राऊन पेपर घेऊन बसायचो आणि वहीच्या पुठ्ठ्यावरून आत घडी घालायचो, अगदी तसं. घडीने सगळे थर आत बंदिस्त केले की कड उघडीच राहत नाही. आज महागड्या घड्याळाच्या किंवा फोनच्या खोक्यांवर कागद कडेवरून आत वळवलेला असतो, ते तंत्र वेगळं नाही. पुढून बघितलं तर अशा पत्त्याला एक बारीकशी चौकट दिसते. बरेच लोक तिला चित्राचीच चौकट समजतात, पण ती मागच्या कागदाची दुमड असते. ठिपक्यांची किंवा रेघांची नक्षी असेल तर ती कडेवरून वाहत पुढे आलेली दिसते.

यात मेहनत किती, याचा हिशेब करून बघा. बोलोन्याच्या तारोक्कीनो खेळाचा संच ६२ पानांचा, म्हणजे २४८ घड्या. फ्लॉरेन्सच्या मिंकियातेचा संच ९७ पानांचा, म्हणजे ३८८ घड्या. एका कॅटला! फ्रान्स किंवा इंग्लंडमधल्या कारागिराने थर चिकटवले, ताव कापला, की त्याचं काम झालं. इटलीतल्या कारखान्यात त्यानंतर एकेक पान हातात घेऊन शिवाय हे. आजच्या भाषेत युनिट कॉस्ट वाढवणारी गोष्ट, आणि तरीही ही पद्धत काही शतकं टिकली. माझ्या साहेबाला ही कल्पना कोणी सुचवली असती तर पहिल्या मीटिंगलाच बाद झाली असती.

मागे वेगळा कागद वळवायचाच आहे, तर त्यावर काहीतरी छापूया, हे ओघाने आलं असावं. कोरा कागद पटकन मळतो, आणि पातळ असला तर पुढचं चित्र मागून उमटल्यासारखं दिसतं. छापील नक्षीत डाग लपतो. आईने आम्हाला प्रवासात नेहमी चौकडीचे किंवा फुलाफुलांचे शर्ट का घातले, त्याच कारणाने. तर पहिल्या प्रकारच्या पाठी अशा नक्षीच्या: ठिपके, चांदण्या, शंकरपाळ्यासारखे चौकोन, वेलबुट्ट्या. फ्रान्समध्येही तारोच्या पानांमागे जाळीची नक्षी छापत, पण तिथले रोजच्या खेळाचे पत्ते मागून पांढरेच राहिले, आणि इंग्लंडमधलेही एकोणिसाव्या शतकापर्यंत.

दुसरा प्रकार हा खास इटलीचा, आणि त्याच्याचसाठी हे सगळं लिहितोय. पाठीवर चक्क चित्र. एखादा उभा योद्धा, एखादी देवता, प्रेमी जोडपं, एखादा प्राणी. लाकडी ठशाचं काम असल्यामुळे रेघ जाड, थोडी अडाणी, सावली दाखवायची तर समांतर रेघोट्या. आणि पुष्कळदा खाली किंवा भोवती चार अक्षरं: बनवणाऱ्याचं नाव, किंवा दुकानाची पाटी. त्या काळी घरांना नंबर नव्हते, दुकानं चिन्हांवरून ओळखली जात. बोलोन्यात 'अल मोंदो', म्हणजे पृथ्वीच्या चिन्हाचं दुकान, 'अल लेओने', म्हणजे सिंहाचं. म्हणजे बघा, पुढच्या बाजूला राजा कोणाचा आणि पोप कोणता हे ठरलेलं होतं, तिथे कारागिराला फारशी ढवळाढवळ करता येत नव्हती. लोक ओळखीचं चित्रच मागत. पाठ मात्र त्याची स्वतःची. आपण आज कॅट विकत घेतो तो पाठीवरच्या ब्रँडवरून, ती सवय तिथली असेल असं नाही म्हणत, पण नातं आहे.

पुढच्या बाजूला हात लावला तर काय होतं याचं एक उदाहरण बोलोन्यातलंच आहे. १७२५ मध्ये लुईजी मोंतिएरी नावाच्या धर्मगुरूने भूगोल शिकवणारे तारोक्कीनोचे पत्ते काढले. त्यात बोलोन्याचं सरकार 'मिश्र' आहे असं छापलं होतं. शहर तेव्हा पोपच्या अमलाखाली, आणि पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनलला हा शब्द झोंबला. मोंतिएरीला अटक झाली. मग थोड्याच दिवसांत प्रकरण शांत करण्यात आलं, आणि शेवटी फर्मान काय, तर पत्त्यांतून पोप, सम्राट वगैरे चौघांना काढा आणि त्यांच्या जागी चार मूर, म्हणजे आफ्रिकी सरदार, घाला. बोलोन्याच्या पत्त्यांत ते मूर आजही आहेत. एका शब्दापायी! पाठीवरच्या चित्रासाठी कोणाला अशी अटक झाल्याचं माझ्या वाचनात नाही. तिकडे साहेब लोकांचं लक्ष नव्हतं, हे एका अर्थी बरंच.

लक्ष होतं ते दुसऱ्याच मंडळींचं. पाठीचा खरा उपयोग एकच, काहीही न सांगणं. ५२ काय किंवा ९७ काय, सगळ्या पाठी तंतोतंत सारख्या असल्या तरच खेळ. टेबलावरचे चौघं एकमेकांवर विश्वास ठेवून बसतात तो या कागदाच्या भरवशावर. जेरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातला मिलानकडचा वैद्य आणि गणिती, आणि अट्टल जुगारी. संभाव्यतेच्या गणितावरचं त्याचं पुस्तक तो गेल्यावर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १६६३ मध्ये छापलं गेलं. त्यात गणिताइतकीच लबाडीही आहे: पानांवर खुणा करणारे, अंगठीत आरसा बसवून पानं बघणारे, साबण लावून पानं सरकवणारे. कारावाज्जोचं लबाड पत्तेबाजांचं चित्र (साधारण १५९५ चं) टेक्सासात फोर्ट वर्थच्या किंबेल म्युझियममध्ये आहे. डॅलसकडच्या मंडळींनी जरूर बघावं. त्यात पोरगा कमरेमागून पान काढतोय हे सगळ्यांना दिसतं. पण खुणा करणाऱ्या त्याच्या साथीदाराच्या हातमोज्याकडे बघा. बोटांची टोकं उघडी आहेत. अभ्यासकांचं म्हणणं असं की पानांवरच्या खुणा बोटांना चाचपता याव्यात म्हणून.

आता इथे माझी एक शंका आहे, आणि ती कुठल्या पुस्तकातली नाही, माझीच आहे. नक्षीची पाठ डाग लपवते हे ठीक. पण उभ्या योद्ध्याचं चित्र असेल तर त्याला डोकं आणि पाय आहेत. म्हणजे एखादं पान उलटं फिरवून गड्डीत सरकवलं की ते मागून ओळखता येणार! आजचे जादूगार नेमक्या याच तत्त्वावर अर्धा खेळ करतात, आणि म्हणूनच आजच्या खेळायच्या कॅटची पाठ दोन्हीकडून सारखी असते. शिवाय प्रत्येक पानाला कागद हाताने वळवायचा म्हटल्यावर चित्र एखाद्या दाण्याइतकं इकडेतिकडे होणारच, आणि ठशाला शाईही दर वेळी सारखी लागणार नाही. कारखान्यात क्वालिटी कंट्रोल करणाऱ्या माणसाला हे बघून घाम फुटेल. तरी ही चित्रं शतकानुशतकं चालली. मला वाटतं, रोज त्याच चौघांबरोबर त्याच टेबलावर खेळणाऱ्यांना याची पर्वा नव्हती. त्यांना हातात धरलेली वस्तू सुंदर हवी होती. ज्यांना लुटायचंच होतं ते कोऱ्या पाठीवरही नखाने खूण करतच होते.

कोऱ्या पाठीचा इतिहास अगदी वेगळा झाला, तोही मजेचा आहे. पांढरी पाठ म्हणजे फुकटचा जाड कागद. कॅनडात फ्रेंच अमलात १६८५ मध्ये सैनिकांना द्यायला नाणी संपली, तेव्हा तिथल्या कारभाऱ्याने पत्त्यांवर सही करून तेच पैसे म्हणून वाटले. रूसोने शेवटच्या पुस्तकासाठी फिरताना सुचलेलं पत्त्यांच्या पाठीवर टिपलं, तसे २७ पत्ते स्वित्झर्लंडमधल्या नशातेलला आहेत. फ्रेंच क्रांतीत जप्त केलेल्या ग्रंथालयांची यादी १७९१ मध्ये करायची ठरली तेव्हाही पत्त्यांच्या पाठीच वापरल्या. इटलीतली पाठ आधीच भरलेली असल्यामुळे तिला हे दुसरं आयुष्य फारसं मिळालं नाही. तिच्यावर छापलेला माणूस तेवढा उभा राहिला.

कोणी म्हणेल, आपल्याकडे काय? सावंतवाडीच्या गंजिफा बहुतेकांनी राजवाड्यात बघितल्या असतील. तेही याच कुटुंबातले: इराणकडून आलेला खेळ, बाबराने १५२७ मध्ये सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. दशावताराच्या संचात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पानं गोल, हाताने रंगवलेली, आणि पाठ बहुधा एकरंगी, लाखेच्या चकाकीची. गोल पानाला कोपराच नाही, म्हणजे थर सुटायची निम्मी भीती तिथेच गेली, आणि वरून लाखेचा लेप. इटलीतल्या माणसाने जो प्रश्न घडी घालून सोडवला तो आपल्या चितारींनी आकार बदलून आणि लेप देऊन सोडवला. मला दोन्ही उत्तरं सारखीच हुशारीची वाटतात. पाठीवर गप्प राहण्याच्या बाबतीत मात्र गंजिफा जास्त प्रामाणिक, कारण गोल पानाला उलटंसुलटं नसतंच.

पुढे १८३० च्या दशकात लंडनच्या दे ला रू यांनी यंत्रावर रंगीत पत्ते छापायला सुरुवात केली, ओवेन जोन्सकडून पाठींची सुंदर नक्षीकामं करून घेतली, आणि इंग्लंडची पांढरी पाठ संपली. हीच कंपनी भारताची टपाल तिकिटं छापायची, नाशिकरोडचा छापखाना १९२० च्या दशकात सुरू होईपर्यंत. पत्ता, तिकीट, नोट, तिन्हींचा प्रश्न एकच: हजारो प्रती, सगळ्या हुबेहूब. यंत्रापुढे लाकडी ठशातला तो थोडासा तिरका उभा असलेला माणूस टिकणं शक्यच नव्हतं.

माझ्याकडे अशी एकच वस्तू आहे. काही वर्षांपूर्वी सुट्टीत उत्तर इटलीतल्या एका जुन्या बाजारात घेतलेलं मिंकियातेचं सुटं पान. विकणारे आजोबा पुढची बाजू दाखवत होते आणि मी उलटं करून बघत होतो. मागे एक बाई आहे, हातात परडीसारखं काहीतरी, पण कमरेपासून वर काही नाही. कागद सोलून निघालाय. कुणा हौशी माणसाने पूर्वी पान आल्बमात चिकटवलं होतं, आणि नंतर कोणीतरी ते ओढून काढलं. आजोबांनी त्याबद्दल किंमत काही कमी केली नाही, कारण त्यांच्या मते पत्त्याला काहीच झालेलं नव्हतं! जुन्या संग्राहकांनी अशी किती पानं आल्बमांत पाठीवर डकवली असतील. पुढची चित्रं त्यामुळे सुरक्षित राहिली. पाठीवरची नावं मात्र गोंदाखाली गेली, आणि कारागीर कोण हे सांगणारी जागा बऱ्याचदा तीच होती.

ती बाई पूर्ण कशी दिसत असेल हे बघायला मी कित्येक संग्रहांच्या वेबसाइट धुंडाळल्या. पानांचे फोटो शेकड्यांनी आहेत, पण बहुतेक ठिकाणी पुढच्याच बाजूचे, आणि पाठीबद्दल फार तर एक ओळ. शेवटी एका युरोपियन म्युझियमला इमेल केली की तुमच्या मिंकियातेच्या संचाची मागची बाजू बघायला मिळेल का. दीड महिन्याने एका बाईंचं अगत्याचं उत्तर आलं, सोबत ताजा काढलेला फोटो. पाठीवर माझी परडीवाली नव्हती. एक म्हातारा होता, लांब दाढीचा, काठी टेकून उभा, आणि त्याच्या नेमक्या तोंडावर कोणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी ठसठशीत शाईत म्युझियमचा नंबर घातला होता.